दाराच्या वाटीतला अंगठा

"विक्की, तो चालला रे. लवकर ये."

सुहासिनीकाकूंचा फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मे महिना. यवतमाळात ह्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दुसऱ्या कुणाचा असा फोन आला असता तर कोण चाललं, कुठं चाललं, असं मी विचारलं असतं. काकूंना विचारायची गरज नव्हती. त्यांच्या गर्द निळ्या गाडीच्या दारावर, फिल्मच्या खाली, एका अंगठ्याचा ठसा आहे. चार वर्षांपूर्वी वारलेल्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, श्रेयसचा, असं त्या समजतात. तोच चालला होता.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. नव्या गाडीचा रंग खराब होऊ नये म्हणून तिच्या अंगावर पारदर्शक फिल्म चिकटवतात. दिसत नाही, पण असते. खडा उडाला, बाभळीची फांदी घासली, तर ओरखडा फिल्मवर येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो. दारव्हा रोडवर माझं दुकान आहे. यवतमाळात हे काम सुरू करणारा पहिला मीच, असं मी सांगत असतो. खोडून काढायला अजून कुणी आलेलं नाही. गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारतं, किती वर्षं टिकेल? खोक्यावर दहा लिहिलेलं असतं. ते खोकं जिथं बनतं तिथं मे महिना येत नसावा. आमच्याकडे पाच वर्षं नीट, सातव्या वर्षी पिवळी, आणि त्यानंतरही काढली नाही तर ती रंग घेऊनच निघते. हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. काकूंना मात्र चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी मी नागपूरच्या एका दुकानात आठ महिने राबून हे काम शिकून आलो, तेव्हा मला गाडी द्यायला कुणी तयार नव्हतं. शोरूममधून आणलेल्या गाडीवर ब्लेड चालवणाऱ्या पोराला कोण गाडी देईल? श्रेयसनं दिली. तो नेरच्या एका बँकेत होता, रोज जाणं-येणं, आणि पुढे कापसाचा ट्रक असला की खडे उडायचेच. "तुझी पहिली गाडी ना? मग माझीच घे," म्हणाला. सुटी टाकून तीन दिवस माझ्या दुकानात उभा राहिला. मी आठ महिन्यांच्या जोरावर उस्तादाचा आव आणून हुकूम सोडायचो आणि तो बँकेतला साहेब फिल्मचं दुसरं टोक धरून, घाम पुसत, "असं का? की असं?" विचारायचा.

सगळी गाडी झाली आणि शेवटी राहिली ड्रायव्हरच्या दाराची वाटी. हँडलच्या मागे बोटं घालायला जो खोलगट भाग असतो त्याला आम्ही वाटी म्हणतो. तिथं फिल्म ताणून, दाबून बसवावी लागते, आणि भले भले तिथं तोंडावर पडतात. नियम असा की चिकट बाजूला हात लावायचा तो साबणाच्या पाण्यात बुडवून. कोरडं बोट लागलं की त्याची रेघन् रेघ उमटते आणि फिल्म आहे तोवर पुसली जात नाही. हा नियम मी श्रेयसला तीन दिवसांत तीस वेळा ऐकवला होता. ऐन वेळी कोरडा अंगठा दाबला तो मीच. आठवड्यापूर्वी ब्लेडनं तो अंगठा कापला होता, त्या जखमेची तिरकी रेघसुद्धा ठशात वरपासून खालपर्यंत आली.

मला रडायचं तेवढं बाकी होतं. फिल्मचा रोल संपला होता. "भाऊ, नवा तुकडा मागवतो, आठ दिवसांत बदलून देतो," मी म्हणालो. श्रेयस वाकला, वाटीत पाहिलं आणि हसला.

"राहू दे रे. चित्र काढणारा खाली सही करतो की नाही? पहिल्या कामावर तुझी असू दे."

जाताना त्यानं हात पुढे केला. माझा हात साबणानं लडबडलेला, मी मागे घेत होतो. त्यानं तो तसाच ओला धरला, घट्ट दाबला, आणि गाडी घेऊन गेला.

घरी मी ही गोष्ट फुशारकीनं सांगितली. माझा बाप, उकंडा, हसला नाही. माझा आजा कागदावर अंगठा लावायचा. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यानं पोटाला चिमटा काढून पोरांना शाळेत घातलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात अंगठा हा शब्दच शिवीसारखा वापरतात. "तुह्या आज्याचा अंगठा सुटाले एक जलम गेला," बाप म्हणाला, "अन् तू शिकून-सवरून लोकायच्या गाडीवर अंगठा लावून आला." त्यानंतर महिनाभर तो मला त्यावरून चिडवत राहिला.

मग एकवीसचा एप्रिल आला. त्या महिन्याचं काही सांगायला नको, प्रत्येकाच्या घरी त्याची आठवण आहे. श्रेयसला ताप आला, दम लागायला लागला, आणि तो स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेला. आईबापांना सोबत येऊ दिलं नाही. काकू फाटकापाशी पुढे झाल्या तर म्हणाला, "आई, लांब हो." नवव्या दिवशी गेला. काकूंना त्याचा चेहरा दिसला नाही की हात लागला नाही. जे होतं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं, आणि तेही लांबूनच. गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती, ती मीच आणून पोर्चमध्ये लावली.

काकू गाडीकडे फिरकल्या त्या थेट दिवाळीच्या तोंडावर. दार उघडायला वाटीत हात घातला आणि त्यांना ठसा दिसला. त्याच दिवशी मला बोलावणं आलं. सहा महिन्यांत बाई निम्मी झाली होती. माझा हात धरून मला दारापाशी नेलं.

"विक्की, हा श्रेयसचा ना? त्यानंच धरली होती ना फिल्म? तूच म्हणाला होतास, तीन दिवस त्यानं धरली होती."

आता तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हणालो, "हो काकू. भाऊनंच धरली होती." त्यातला 'हो' तेवढा खोटा, बाकीचं सगळं खरं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून घरी आलो. वाटलं, महिना-दोन महिने बाईच्या जिवाला बरं वाटेल, मग विसरतील. आई असं काही विसरते, हे माझ्या डोक्यात कसं आलं कोण जाणे.

काकू रोज सकाळी आंघोळ झाली की गाडीपाशी जायच्या आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवून उभ्या राहायच्या. दसऱ्याला लोक गाडीच्या बोनेटवर स्वस्तिक काढतात. काकू वाटीत, ठशाच्या शेजारी, हळदकुंकवाचं बोट लावायच्या. पुढे पुढे दर शुक्रवारी लावायला लागल्या. फिल्म कोरडी पडू नये म्हणून खोबरेल तेल चोळायच्या. हळद फिल्ममध्ये शिरते ती निघत नाही. तेलानं फिल्म फुगते, कडा सुटतात. त्यात ते दार पश्चिमेकडे, दुपारपासून ऊन थेट वाटीत. बाकीची गाडी सातव्या वर्षी पिवळी पडली, वाटी पाचव्याच वर्षी. निळ्यावर पिवळं चढलं की शेवाळासारखं हिरवट दिसतं, तशी ती दिसायला लागली होती. त्या माउलीनं जितकं जपलं तितकं ते लवकर मेलं. मला ते डोळ्यांनी दिसत होतं. "काकू, तेल नका लावत जाऊ," एवढंच मी म्हणायचो, आणि त्या म्हणायच्या, "अगदी थेंबभर लावते रे."

हळदकुंकू लावलेला स्वतःचा अंगठा पाहून एखाद्याला हसू आलं असतं. मी मात्र त्या घरी जाणं कमी केलं, काकांचे फोन कधी कधी उचलले नाहीत. आज काकूंचा आला तो उचलला.

पोहोचलो तेव्हा काकू पोर्चमध्ये, गाडीच्या शेजारी, तापलेल्या फरशीवर बसल्या होत्या. हातात ओला पंचा, तो दारापुढे धरलेला. मागे अनंतकाका छत्री घेऊन उभे. काका म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, कमी बोलणारा माणूस. ते छत्री बायकोवर धरत होते आणि बायको सारखी ती दाराकडे ढकलत होती.

"सकाळी एवढंसंच होतं," काकूंनी नखाचं टोक दाखवलं. "आता बघ."

मी बघितलं. वाटीतल्या फिल्मचा कोपरा गुंडाळला होता आणि सुटत सुटत ठशाच्या मधोमध आला होता. जो भाग सुटला होता तो पांढरट, कोरा. जो चिकटून होता त्यात अजून रेघा होत्या. अर्धा अंगठा गेला होता.

"चिकटव," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे ते गरम हवेचं यंत्र आहे ना? ते लाव. काहीही लाव."

"काकू, हे आता चिपकत नाही. याच्यातला गोंद मेला. पाणी टाकलं त ठसा धुऊन जाईन. गरम केलं त फिल्म आकसून फाटन."

"मग वरून काच बसव."

"काचेच्या खालूनही सुटूनच राह्यन न थे."

"मग दार कापून दे मला!" काकू उठून उभ्या राहिल्या. "दार काढता येतं ना रे? दार काढ. मी घरात ठेवते. अंधाऱ्या खोलीत ठेवते, ऊन लागणार नाही. गाडी ने तू. गाडी नको मला."

"दार काढता येते काकू. पण फिल्म त दारावरच मरून राह्यली. कुठंही ठेवलं तरी थे टिकत नाही."

टिकत नाही, हे शब्द मी चार वर्षं गिळून बसलो होतो. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता गालावर बसते. त्यांनी हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई, शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली, माझ्यापुढे हात जोडून उभी होती.

"तो म्हणाला, आई, लांब हो. आणि मी लांब झाले, विक्की. मी आई असून लांब झाले. त्याच्या कपाळाला हात लावायला हवा होता, नाही लावला. नंतर त्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळला, त्याच्या आरपार काही दिसतसुद्धा नव्हतं. ह्यातून दिसतं. एवढं एकच आहे, ज्याला मी हात लावू शकते. एवढं राहू दे मला. तुला काय हवं ते माग, पण एवढं राहू दे."

काकांनी मला खांद्याला धरून फाटकापर्यंत नेलं. आता हे समजुतीच्या चार गोष्टी सांगणार असं मला वाटलं.

"त्याची नखं लहानपणापासून मी कापली," काका हळूच म्हणाले. "आठवीत जाईपर्यंत. त्याच्या अंगठ्यावर व्रण नव्हता."

काकांची नजर माझ्या उजव्या हाताकडे होती.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बोललो नाही, कारण तिच्या झोपेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. ती दोन घास जेवायला लागली होती." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुझा आहे ना? मग पुन्हा उठव. नवी फिल्म लाव, पुन्हा उठव. पण तिला सांगू नकोस. तू सांगितलंस तर ती राहणार नाही. मी ओळखतो तिला."

म्हणजे त्या घरात चार वर्षं दोन पुरुष एकाच खोट्याला खांदा देऊन उभे होते आणि एकमेकांना ठाऊकही नव्हतं. पण काकांच्या बोलण्यानं मला धीर आला, हे कबूल करतो. खरंच की! अंगठा तर माझाच आहे. चित्र गेलं तरी सही करणारा जिवंत आहे. मी परत आलो आणि म्हणालो, "काकू, एक उपाय हाय. तुकडा मी दुकानात नेतो, तिथं नीट करतो, अन् उद्या सकाळी आणून बसवतो."

"तुटणार नाही ना?"

"नाही काकू."

मी हीट गन अगदी लांबून फिरवली आणि नखानं कोपरा उचलला. बोटभर फिल्म सलग आली, मग करकन तुटली. उरलेली पापुद्र्यासारखी निघाली, तीन तुकडे झाले, आणि त्यांच्यावर रेघ नावाला नव्हती. मी पाठ काकूंकडे करून ते रुमालात गुंडाळले.

"पूर्ण निघाला ना रे?" मागून आवाज आला.

"पूर्ण निघाला," मी म्हणालो.

दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि भंगारात पडलेलं एक दार टेबलावर आडवं टाकलं. वाटीच्या मापाचा तुकडा कापला. बायको, ममता, दुकानाचे फोन आणि वेळा तीच सांभाळते. ती स्टूल ओढून समोर बसली. तिला सगळं माहीत होतं, फक्त आजचं सांगितलं. मी अंगठा स्पिरिटनं पुसला, वाळू दिला, आणि सात वर्षांपूर्वी चुकून केलं ते आज ठरवून केलं. चिकट बाजूला कोरडा अंगठा दाबला, फिल्म दारावर बसवली, वरून दिवा धरला.

एक धूसर डाग होता. त्यातून एक तिरकी रेघ गेलेली. बाकी काही नाही.

घाईत घसरला असेल म्हणून दुसरा तुकडा घेतला. तेच. अंगठ्याला किंचित तेल लावून पाहिलं, घाम येऊ देऊन पाहिलं, हळू दाबून, जोरात दाबून, लोळवून पाहिलं. डाग आणि तिरकी रेघ. एरवी एक बोट लागलं तर अख्खी पट्टी वाया जाते म्हणून मी कारागिरांवर खेकसतो, आणि आज मुद्दाम दाबून उठत नव्हतं. रोलचा शेवट आला.

"काहून असं होऊन राह्यलं हे?" मी ओरडलोच.

ममतानं माझा अंगठा धरून दिव्याखाली नेला. "राशनच्या दुकानात मशीन तुमचा अंगठा घेते का? दोन वर्षं झाली, दर महिन्याले मलेच जा लागते. विसरले का?"

विसरलो नव्हतो, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. सात वर्षं साबण, स्पिरिट, थिनर, गरम पत्रा. अंगठा घासून गुळगुळीत झाला होता. एक तो ब्लेडचा व्रण तेवढा राहिला होता. फिल्म टिकली नाही म्हणून मी दुपारपासून जीव काढत होतो, आणि इथं माझ्या हाडामांसाचा अंगठाच टिकला नव्हता. मी ते भंगाराचं दार लाथेनं उडवलं. पायाला लागलं, ते बरं वाटलं.

"माहा अंगठा लावा," ममता म्हणाली. "त्यायले काय समजते?"

"रोज पायते थे. चार वर्षं रोज पाह्यला त्यायनं."

"मंग सांगून टाका न."

"मरन थे बाई."

"रोज मरूनच राह्यली न थे. तुमी फक्त सांगून नाही राह्यले."

चाळीसएक तुकड्यांतून त्यातल्या त्यात बरा एक निवडला.

सकाळी आठला गेलो. काकू न्हाऊन, हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन पोर्चमध्ये तयार उभ्या होत्या. जणू कुणी गावाहून येणार होतं. काका दारात. मी वाटी पुसली, तुकडा बसवला, कडा दाबल्या. नवी फिल्म काचेसारखी स्वच्छ, खाली निळा रंग सात वर्षांपूर्वीइतका ताजा, आणि मधोमध तो डाग.

"झालं, काकू."

काकूंनी अंगठा ठेवला. डोळे मिटले. मग उचलला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"रेघ तीच आहे," त्या म्हणाल्या. "पण मधे चक्र होतं. चक्राच्या डाव्या अंगाला एक रेघ फुटून दोन झाल्या होत्या. ते कुठं आहे?"

"दुरुस्तीत थोडं पुसलं गेलं, काकू."

"पुसलेलं मला कळतं रे. चार वर्षं बघते आहे मी त्याला." त्या सरळ उभ्या राहिल्या. "हा तू कुठून आणलास?"

काकूंच्या मागे काका मान हलवत होते. नको, नको. माझ्या तोंडात पुढचं खोटं तयारही होतं. पण ह्या बाईला त्या ठशातली फुटलेली रेघ पाठ होती. माझ्या अंगठ्यावरची रेघ, जी मला कधी माहीत नव्हती, ती त्यांना पाठ होती. तिच्यापुढे तोंड उघडून पुन्हा खोटं बोलायची माझी ताकद संपली.

"काकू, हा माहा हाय," मी म्हणालो. "पयलाही माहाच होता."

कोयरी पडली. कुंकू फरशीवर सांडलं. काका दोन पावलं पुढे आले आणि थांबले.

"चार वर्षं," काकू म्हणाल्या. "चार वर्षं मी तुझ्या..." त्यांनी मूठ आवळून माझ्या छातीवर मारली, एकदा, मग पुन्हा. मी हललो नाही. मारायचीच होती, चार वर्षांपूर्वीच मारायला हवी होती.

"मग त्याचा कुठं आहे?" त्या अचानक थांबून म्हणाल्या. "त्यानं धरली होती ना फिल्म? की तेही खोटं?"

"नाही काकू. तीन दिवस त्यायनंच धरली होती."

"मग त्याचे हात लागले असतील. बोनेटवर असतील, छपरावर असतील. शोध ना! सगळी गाडी शोध. भिंग देते तुला."

हे सांगायचं माझ्यावर यायला नको होतं. पण दुसरं कोण सांगणार?

"काकू, फिल्मचं जे टोक हातात धरतात थे गाडीवर राहत नाही. फिल्म बसली का त्या कडा कापा लागते."

"कापून?"

"फेका लागते."

"फेकल्या?"

"फेकल्या, काकू."

अख्ख्या गाडीवर श्रेयसचा हात लागलेली फिल्म बोटभरसुद्धा नव्हती. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, पण मोठ्यानं बोललो तेव्हा मलाच ऐकवेना. काकूंनी दोन्ही तळवे दारावर टेकले, कपाळ काचेला टेकवलं, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. एकवीसच्या एप्रिलमध्ये, म्हणे, त्या एकदाही मोठ्यानं रडल्या नव्हत्या. काका उचलायला गेले तर त्यांचा हात झटकला. "तुम्हालाही माहीत होतं," त्या म्हणाल्या, विचारलं नाही. काका तिथंच पायरीवर बसले आणि तेही रडायला लागले.

निघून जावं असं मला वाटत होतं, पण गेलो नाही. काकूंचा आवाज बसला, मग थांबला. त्या वळल्या तेव्हा कपाळावर काचेची धूळ लागली होती.

"तुला लागला होता का रे त्याचा हात?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलं नाही.

"तुझ्या हाताला. कधी तरी. लागला होता का?"

"हो काकू. गाडी घेऊन निघाले तव्हा. हात मिळवला होता. माहा हात साबणाचा होता, मी मांगं घेऊन राह्यलो होतो, त्यायनं तसाच धरला."

"कुठला?"

मी उजवा हात पुढे केला. तो त्यांनी उलटा केला, पाहिला. व्रण पाहिला, त्याच्या भोवतीची गुळगुळीत कातडी पाहिली. त्या हातावर काही उरलेलं नव्हतं, सात वर्षांत तो हजारदा धुतला होता. हे त्यांना कळत होतं, मलाही.

"घट्ट धरला होता?"

"हो काकू. घट्ट."

काकूंनी माझा अंगठा मुठीत घेतला आणि मूठ मिटली. जोर होता बाईच्या हातात. दुकान उघडायची वेळ होऊन गेली, खिशात ममताचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मी तो उचलला नाही. उजवा हात मोकळा नव्हता.